भरिताच्या वांग्याचं घरचं बी कंपनीला द्यावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. यावल तालुक्यात तुमच्या घरी आजोबांच्या काळापासून भरिताच्या वांग्याचं बी धरलं जातंय. फळ मोठं, फिकट हिरवं, पांढुरक्या रेषांचं आणि कमी बियांचं. आता एका बियाणे कंपनीचा माणूस पाच-सहा पिकलेली फळं मागतोय आणि पैसेही द्यायला तयार आहे. वडिलांना भीती वाटते की कंपनी उद्या पेटंट घेईल आणि आपलंच बी आपल्याला विकता येणार नाही. धाकट्या भावाला वाटतं, पाच फळांनी काय बिघडतंय? शिवाय तुम्ही हे बी दरवर्षी गावात घरूनच विकता, ते कायद्यात बसतं का, हेही तुम्ही विचारलंय.

वडिलांची भीती ज्या शब्दात आहे त्या शब्दात खरी नाही, पण तिच्या मुळाशी असलेली शंका रास्त आहे. भारतात झाडावर, बियाण्यावर किंवा वाणावर पेटंट मिळत नाही. पेटंट कायदा 1970 च्या कलम 3(जे) मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. वाणांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा आहे, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001. पैदासकाराचा, म्हणजे नवं वाण तयार करणाऱ्याचा मालकीहक्क आणि शेतकऱ्याचा बियाण्यावरचा हक्क, दोन्ही या एकाच कायद्यात आहेत. तुमच्यासमोरचा खरा प्रश्न वेगळा आहे: हे वाण तुमच्याकडे होतं, याचा लेखी पुरावा आज कुठे आहे? तो नसेल तर कायद्यातली चांगली कलमंही तुमच्या कामाची राहत नाहीत.

आधी विक्रीचं सांगतो, कारण ते सोपं आहे. 2001 च्या या कायद्याच्या कलम 39 नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी साठवता येतं, पेरता येतं, पुन्हा पेरता येतं, अदलाबदल करता येते, वाटता येतं आणि विकताही येतं. ते वाण कंपनीच्या नावावर संरक्षित असलं तरी हा हक्क राहतो. अट एकच आहे: संरक्षित वाणाचं बी त्या वाणाचं नाव छापलेल्या पाकिटात किंवा डब्यात घालून विकायचं नाही. म्हणजे पोत्यातून, डब्यातून मोजून दिलेलं बी चालतं, पण लेबल लावलेलं पाकीट चालत नाही. तुमचं वाण तर कुणाच्याच नावावर नोंदलेलं नाही, त्यामुळे या कायद्याखाली तुम्हाला काही अडचण नाही.

बियाणे कायदा 1966 मात्र वेगळा आहे. त्याच्या कलम 24 मध्ये शेतकऱ्याला सूट आहे, पण ती स्वतः पिकवलेलं बी स्वतःच्या जागेवरून थेट पेरणाऱ्याला देण्यापुरती. घरून, खळ्यावरून, शेताच्या बांधावरून दिलंत तर तुम्ही या सुटीत बसता. आठवडी बाजारात दुकान मांडून, छापील पिशव्यांत, दर हंगामात विकायला लागलात तर तो बियाण्याचा व्यापार ठरू शकतो आणि मग परवान्याचा प्रश्न येतो. तुम्ही घरून देता असं लिहिलंय. तसंच ठेवा आणि कुणाला किती बी दिलं ते एका वहीत तारखेसह लिहीत जा. या वहीचा उपयोग पुढे सांगतो.

शेजारच्या गुजरातमधलं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. साबरकांठा भागातल्या शेतकऱ्यांवर 2019 मध्ये पेप्सिकोने एफएल 2027 या बटाट्याच्या वाणावरून दावे लावले आणि काहींकडे प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक मागितले. देशभर विरोध झाल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. पुढे 2021 मध्ये 2001 च्या कायद्याखाली वाणांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली आणि 2024 च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती पुन्हा कायम केली. यातून लोक उलटसुलट अर्थ काढतात. नोंदणी कायम झाली म्हणून कलम 39 पुसलं गेलेलं नाही. पैदासकाराची नोंदणी वैध असू शकते आणि त्याच वेळी शेतकऱ्याचा बियाण्याचा हक्कही वैध असतो. पण दावा लागला की शेतकऱ्याला वकील, तारखा आणि प्रवास चुकत नाही, म्हणून कागद आधीपासून तयार असावेत असं मी सांगतो. नकळत उल्लंघन झालं असेल तर कलम 42 शेतकऱ्याला संरक्षण देतं, हेही लक्षात असू द्या.

इथे दोन गोष्टी लगेच सांगतो, कारण खान्देशात त्यांचा गोंधळ फार होतो. संकरित वाणाचं बी धरायला कायद्याची आडकाठी नसली तरी शेतात त्याचा उपयोग होत नाही. पुढच्या पिढीत झाडं फुटतात, काही उंच, काही बुटकी, फळ एकासारखं एक येत नाही. बीटी कपाशीच्या सरकीचं तेच. दुसरी गोष्ट, तणनाशक सहन करणारी परवानगी नसलेली कपाशी. तिथे कलम 39 ची ढाल चालत नाही. ती बंदी पर्यावरण संरक्षण कायद्याखालची आहे, वाणाच्या मालकीशी तिचा संबंध नाही.

आता कंपनीकडे वळू. तुमचं बी घेऊन ती कायद्याने काय करू शकते? तुमचं वाण जसंच्या तसं 'नवीन' म्हणून तिला नोंदवता येत नाही. नवीन वाण अर्जाच्या आधी भारतात एका वर्षाहून जास्त काळ विकलेलं नसावं लागतं आणि माहितीत असलेल्या प्रत्येक वाणापेक्षा किमान एका ठळक गुणात वेगळं असावं लागतं. पण ही तुलना प्राधिकरणाला माहीत असलेल्या वाणांशीच होणार. यावलच्या एका घरात असलेलं वाण कुठल्याच नोंदीत नसेल तर तुलनेला ते येणार कसं? वडिलांची शंका रास्त आहे म्हणालो, ती इथे.

कंपनी संशोधनासाठी तुमचं वाण वापरू शकते, त्याचा दुसऱ्या वाणाशी संकर करू शकते. कलम 30 संशोधकाला ती मोकळीक देतं आणि ती असायलाच हवी. आपल्या कृषी विद्यापीठांची वाणंही अशाच मोकळिकीतून तयार झाली आहेत. मात्र त्याच कलमात एक परंतुक, म्हणजे अट आहे. नोंदलेलं वाण एखाद्या नव्या वाणाच्या व्यापारी उत्पादनासाठी पालक म्हणून पुन्हा पुन्हा वापरावं लागत असेल, तर त्या नोंदलेल्या वाणाच्या धारकाची परवानगी लागते. संकरित वांग्याचं बी दरवर्षी दोन पालकांचा संकर करूनच तयार होतं. म्हणजे तुमचं वाण नोंदलेलं असेल आणि कंपनीने ते संकरित वांग्याचा एक पालक केलं, तर तिला दर हंगामात तुमच्या परवानगीची गरज पडेल. नोंदलेलं नसेल तर पडणार नाही. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नात सर्वात मोलाची गोष्ट हीच आहे. व्यवहारात एक पळवाट राहते: कंपनी तुमच्या वाणातून स्वतःची वेगळी शुद्ध ओळ काढून तीच पालक म्हणून वापरू शकते. ती ओळ तुमच्या वाणापासून मूलतः व्युत्पन्न आहे, म्हणजे तिचे मुख्य गुण तुमच्या वाणातूनच आलेत असं ठरलं, तर कलम 43 नुसार शेतकऱ्यांची संमती लागते. ते सिद्ध करायचं तर मूळ वाणाचा नमुना आणि वर्णन आधी जमा असावं लागतं.

शिवाय वाण नोंदवताना अर्जदाराला पालकांची माहिती, ते साहित्य कुठून आणलं आणि त्यात कोणत्या शेतकऱ्याचं किंवा गावाचं योगदान आहे, हे सांगावं लागतं. ग्रामीण किंवा आदिवासी कुटुंबांनी जपलेलं साहित्य वापरलं असूनही सांगितलं नाही, तर प्राधिकरणाचा निबंधक अर्ज फेटाळू शकतो. लाभातल्या वाट्याची मागणी कलम 26 खाली करता येते. तुम्ही किंवा एखादी संस्था गावाच्या वतीने कलम 41 खालीही दावा करू शकता. हे सगळं कायद्यात आहे. पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच येतो: तुमचं वाण तुमच्याकडे कधीपासून आहे, दाखवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 च्या सुमारास शेतातल्या भातातून निवड करून एचएमटी हे वाण तयार केलं. पुढे ते दूरवर पसरलं आणि विद्यापीठानेही त्याचं शुद्धीकरण करून पीकेव्ही एचएमटी म्हणून प्रसारित केलं. त्यांना नाव मिळालं ते फार उशिरा. तेव्हा हा कायदा नव्हता. आज तो आहे, पण अर्ज आपल्यालाच करावा लागतो.

तर काय करायचं? आधी बी शुद्ध करा, मग कागद. उलटं केलंत तर अर्ज चाचणीत अडकेल. नोंदणीसाठी वाण वेगळं, एकसारखं आणि स्थिर असावं लागतं. शेतकऱ्यांच्या वाणाला एकसारखेपणात सवलत आहे, ठरलेल्या मर्यादेच्या दुपटीपर्यंत वेगळी झाडं चालतात. तरीही घरच्या वांग्यात यापेक्षा जास्त मिसळ असते. कारण वांगं बहुतांशी स्वतःच्या परागावर धरत असलं तरी मधमाश्या आणि भुंगे दुसऱ्या वांग्याचा पराग आणतात. शेजारच्या रानात जांभळं किंवा काटेरी वांगं असेल तर दोन-तीन वर्षांत तुमच्या फळावर जांभळट झाक, देठावर काटे, आकार लांबट, असं काहीतरी दिसू लागतं.

बियाण्याच्या प्लॉटभोवती दुसरं वांगं 200 मीटरच्या आत नसावं. पायाभूत बियाण्याला हेच अंतर धरतात, प्रमाणितला 100 मीटर चालतं. आपल्याकडे शेतं लहान, एवढं अंतर मिळत नाही. मग निवडलेल्या झाडांवर बारीक जाळी टाका किंवा फुलं झाका. फुलं झाकायची तर उद्या उमलणारी, फुगलेली कळी संध्याकाळी बटरपेपरच्या किंवा पातळ मलमलीच्या पिशवीत बांधा. उमलल्यावर दोन-तीन दिवस सकाळी पिशवी हलक्या हाताने टिचकवा. फळ धरलं की पिशवी काढा आणि देठाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे तोडणीला गेलेल्या बाईमाणसाच्या हातून ते फळ भाजीत जाणार नाही. बांधण्याआधी फूल नीट बघा. वांग्यात काही फुलांची मधली दांडी पिवळ्या परागकोशांच्या वर किंवा बरोबरीला आलेली असते, तीच फुलं धरतात. दांडी आत बुडालेली असेल तर फूल गळतं, पिशवी वाया जाते.

बी 25 ते 30 झाडांवरून घ्या. दोन-चार उत्तम झाडांवरून घेतलं तर वाण अरुंद होतं, पुढे एखाद्या रोगात सगळंच बसतं. वेगळी दिसणारी झाडं तीन वेळा उपटा: फुलं येण्याआधी पानावरून आणि वाढीवरून, फुलात, आणि फळ तयार झाल्यावर रंग-आकारावरून. एका झाडावर बियाण्याची तीन-चारच फळं ठेवा.

फळ पिवळं-तपकिरी होईपर्यंत झाडावर राहू द्या. भरितासाठी आपण तोडतो ते फळ कोवळं असतं, त्यातलं बी पांढरं, मऊ, सहसा उगवत नाही. बी परिपक्व व्हायला फळ धरल्यापासून साधारण पन्नास दिवस लागतात. त्या माणसाने 'पिकलेली' फळं का मागितली, ते इथे समजून घ्या. जळगावच्या बाजारातून घेतलेल्या पोतंभर भरिताच्या वांग्यांतून त्याला वाण मिळणार नाही, तुमच्या पाच पिवळ्या फळांतून मिळेल. भावाला हे नक्की सांगा.

फळ चिरून गर पाण्यात कुस्करा. तळाला बसतं ते बी घ्या, तरंगतं ते टाका. सावलीत वाळवा, मग थोडं कोवळं ऊन द्या, ओल 8 टक्क्यांच्या आसपास आली की हवाबंद डब्यात ठेवा. नोंदणीसाठी द्यायच्या बियाण्याला कीटकनाशक किंवा बुरशीनाशक चोळायचं नाही, प्रक्रिया न केलेलं बीच लागतं. असं दोन हंगाम केलंत तर वाण बऱ्यापैकी एकसारखं होतं. त्यातलं काही बी वर्ष लिहून वेगळं ठेवून द्या.

कागदाचं पहिलं काम मात्र दोन हंगाम थांबायला नको, ते याच महिन्यात होतं आणि फुकट होतं. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. कागदावर असेल, सक्रिय नसेल, तरी असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत वाणाची नोंद करून घ्या: स्थानिक नाव, फळाचा रंग-आकार, पानावर आणि देठावर काटे आहेत की नाहीत, फुलाचा रंग, लागवडीचा महिना, तोडणी कधी सुरू होते, किती कुटुंबांकडे बी आहे, कधीपासून. सोबत फोटो. समितीचा ठराव करून जावक क्रमांकासह प्रत घ्या. बी वाटल्याची तुमची वही इथे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

मग नोंदणीचा अर्ज. तो नवी दिल्लीतल्या प्राधिकरणाच्या निबंधकाकडे जातो. अर्जाच्या जोडपत्रावर चौघांपैकी एकाची शिफारस लागते: जैवविविधता समितीचा अध्यक्ष किंवा सचिव, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक, किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकारी. सोबत तांत्रिक प्रश्नावली भरावी लागते आणि अर्ज बहुतेक वेळा तिथेच कच्चा राहतो. 'फळ मोठं, चव छान' असं लिहून भागत नाही. फळाची लांबी आणि घेर सेंटीमीटरमध्ये, किमान दहा फळं मोजून. रंग, रेषा, चकाकी, देठाच्या टोपीचा आकार, काटे, झाड उभं वाढतं की पसरट. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वाणाचं नाव आणि फरक नेमका कशात, हेही लिहायचं. राहुरी विद्यापीठाच्या किंवा तुमच्या भागातल्या कृषी विज्ञान केंद्राच्या भाजीपाला तज्ज्ञाला शेतावर बोलावून हे एकदा भरून घ्या. शेतकऱ्याला यासाठी शुल्क नाही, कलम 44 ने माफ आहे. कुणी 'फाइल पुढे सरकवतो' म्हणून पैसे मागत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. शेतकऱ्यांच्या वाणांना पिकागणिक अर्जाची मुदत असते, तेवढी आधी विचारून घ्या.

नाव देताना जपा. वाणाच्या नावात गावाचं नाव घातलं तर निबंधक हरकत घेऊ शकतो, प्रामाणिक वापर आहे असं त्याला पटलं तरच ते राहतं. शिवाय 'जळगाव भरीत वांगी' याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते नावाचं संरक्षण आहे, त्या भागातल्या मालाच्या ओळखीचं. त्याने बियाण्यावर हक्क मिळत नाही आणि तुमच्या वाणाची नोंदणीही अडत नाही. दोन्ही वेगवेगळ्या दारांची कामं आहेत. मानांकनाचं नाव वापरून माल विकायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते.

अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हे मात्र तुमच्या गावावर अवलंबून आहे. हे बी तुमच्याच घरात निवडून टिकलं असेल आणि इतरांनी तुमच्याकडूनच नेलं असेल, तर तुमच्या नावाने अर्ज योग्य आहे. पण बामणोद, आसोदा या पट्ट्यात भरिताचं वांगं अनेक घरांत आहे. तुमचं वाण त्यांच्यापेक्षा वेगळं नसेल तर एकट्याच्या नावाने अर्ज करू नका, असं माझं ठाम मत आहे. एक तर अर्ज प्रसिद्ध झाल्यावर तीन महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतो आणि शेजारीच हरकत घेईल. दुसरं, जे सगळ्यांनी मिळून टिकवलं ते एकाच्या नावावर लागलं तर गावात कायमची अढी बसते. शेतकरी गटाच्या किंवा समुदायाच्या नावाने अर्ज करायची सोय कायद्यातच आहे. नंदुरबारच्या धडगाव भागात मका-ज्वारीची देशी वाणं बायफ या संस्थेच्या सहकार्याने स्थानिक बियाणे समित्यांनी अशीच मिळून जपली आहेत. समुदायाला आणखी एक वाट आहे, प्राधिकरणाचा जीनोम संरक्षक पुरस्कार. त्यात समुदायाला 10 लाख रुपये मिळतात आणि वैयक्तिक शेतकऱ्यांसाठी वेगळे पुरस्कार आहेत. एकदा वाण नोंदलं की संरक्षण एकूण 15 वर्षांचं: आधी सहा वर्षं, मग नूतनीकरण. त्या काळात शेजाऱ्यांचा बी धरण्या-विकण्याचा हक्क जसाच्या तसा राहतो, हे गावात आधीच समजावून सांगा.

राहिला कंपनीचा माणूस. त्याला हाकलायची गरज नाही. चांगली कंपनी लेखी करार करायला नाही म्हणत नाही, टाळाटाळ केली तर तुम्हाला उत्तर मिळालं. करारात एवढं हवं: किती ग्रॅम बी, कोणत्या तारखेला, कोणत्या वाणाचं; वापर फक्त संशोधनासाठी; तिसऱ्याला द्यायचं नाही; यापासून वाण किंवा संकरित तयार केलं तर अर्जात मूळ म्हणून तुमचं आणि गावाचं नाव लिहायचं; व्यापारी वापराआधी नव्याने लेखी परवानगी आणि मोबदला ठरवायचा. मुद्रांकावर करा, दोन साक्षीदार घ्या, एक प्रत समितीकडे द्या. व्यापारी उपयोगासाठी जैविक साहित्य घेताना कंपनीने नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला कळवायचं असतं, कंपनी परकीयांच्या नियंत्रणाखाली असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरीच लागते. "तुम्ही मंडळाला कळवलंय का?" हा एक प्रश्न विचारून बघा, समोरचा किती तयारीने आलाय ते लगेच कळतं.

आणि जैवविविधता नोंदवहीतल्या नोंदीची शिक्का मारलेली प्रत हातात येईपर्यंत पिवळं फळ घराबाहेर जाऊ देऊ नका. तोवर त्याला भरितासाठी कोवळी वांगी हवी तेवढी द्या.